चौदा हंडे, अकरा आरोपी

घरात पितळेचं भांडं हातातून निसटून खणकन वाजलं की बायको माझ्याकडे बघून हसते, आणि मला घाटकोपरच्या त्या हंड्यांची आठवण होते. नोकरी संपून बरीच वर्षं झाली. खून पाहिले, दरोडे पाहिले, एक-दोन वेळा वरिष्ठांच्या हातून बक्षीसही घेतलं. तरी कोणी ‘साहेब, एखादी केस सांगा’ म्हणालं की माझ्या तोंडी हीच येते. हिच्यात खून नाही की दरोडा नाही. एका बाईचं मोडलेलं मनगट, तिच्या मुलीची हातातोंडाशी आलेली नोकरी आणि आमच्याच खात्याने घातलेला घोळ, एवढाच मामला. नावं मात्र कोणाचीही लिहिणार नाही. या प्रकरणात नावांनी आधीच पुरेसा धुमाकूळ घातला होता.

ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं होती. मी नुकताच इन्स्पेक्टर होऊन मुलुंडला रुजू झालो होतो. खडूस माणूस अशीच माझी ख्याती होती. सकाळची हजेरी झाली की आधी स्टेशन डायरी बघायची, मग लॉकअप, मग मुद्देमालाची खोली, आणि त्यानंतरच चहा. डायरीत खाडाखोड दिसली की माझं डोकं फिरायचं. सगळे मला मागून ‘हेडमास्तर’ म्हणायचे. हे मला ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं.

एप्रिलमधल्या एका सकाळी हजेरीनंतर कोर्टाचा लखोटा आला. पलीकडच्या एका ठाण्याच्या हद्दीत, घाटकोपरच्या डोंगरावरच्या एका चाळीतल्या बायकांनी मार्चमध्ये वॉर्ड ऑफिसवर हंडा मोर्चा नेला होता. तीन-तीन दिवस नळाला पाणी नसलं की रिकामे हंडे डोक्यावर घेऊन साहेबाला जाब विचारायला जायचं, ही आपल्याकडची जुनी रीत. तिथे पोलिसांनी लाठी चालवली. एका बाईचं उजवं मनगट मोडलं. तिची तक्रार ठाण्यात कोणी घेईना, तेव्हा ती थेट दंडाधिकाऱ्यांकडे गेली. पोलिसांनी इशारा न देताच मारलं, असं तिचं म्हणणं होतं. उलट ठाण्याने त्याच दिवशी बायकांवर गुन्हा दाखल केला होता. बेकायदेशीर जमाव, दगडफेक, सरकारी कामात अडथळा. अकरा आरोपी नावानिशी आणि ‘इतर तीन अनोळखी’. दुसऱ्या ठाण्याच्या इन्स्पेक्टरने चौकशी करून तीन आठवड्यांत अहवाल द्यावा, असा दंडाधिकाऱ्यांचा हुकूम होता. तो दुसरा इन्स्पेक्टर म्हणजे मी.

कायदा इथे अगदी साधा आहे. जमाव बेकायदेशीर असेल तर अधिकाऱ्याने आधी पांगण्याचा हुकूम द्यायचा. जमाव ऐकत नसेल तरच बळ वापरायचं, आणि तेही लागेल तेवढंच. या क्रमाने वागलेल्या अधिकाऱ्यावर सरकारच्या परवानगीशिवाय खटला भरता येत नाही. बाईंचे वकील पार्ल्याचे होते. हळू बोलणारे, काखेत कायम छत्री. त्यांनी अर्जात लिहिलं होतं की ज्याने इशाऱ्याची पायरी चढलीच नाही, त्याला संरक्षणाच्या ओसरीवर बसता येणार नाही. म्हणजे सगळं एकाच प्रश्नावर आलं होतं. इशारा दिला होता का?

आता माझी अडचण सांगतो. त्या दिवशी बंदोबस्ताला असलेला सब-इन्स्पेक्टर माझा मित्र होता. नाशिकला ट्रेनिंगमध्ये आमच्या खाटा शेजारी-शेजारी होत्या. माझ्या लग्नात त्याने पंक्तीत जिलेबी वाढली होती. लखोटा उघडून तासही झाला नसेल, त्याचा फोन आला.

“हेडमास्तर, चौकशी तुझ्याकडे आली ना? झकास! वाचलो बघ.”

“वाचलास की नाही ते बघू. इशारा दिला होतास का?”

“तीन वेळा दिला. भोंग्यावरून. एफआयआरमध्ये लिहिलंय ना सगळं.”

“लिहिलंय ते वाचलं. दिलास का, ते विचारतोय.”

तो म्हणाला, “यार, तू माझ्या बाजूने आहेस की नाही?”

मी फोन ठेवला. उत्तर मलाच माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी साध्या कपड्यांत डोंगर चढून चाळीत गेलो. बाई कोकणातली. नवरा पूर्वी गिरणीत होता, गिरणी बंद पडल्यावर एका सोसायटीत वॉचमन झाला होता. बाई जेवणाचे डबे करून द्यायच्या. आता हात प्लास्टरमध्ये, त्यामुळे डबे मुलगी करत होती. मुलगी डी.एड. झालेली. महापालिकेच्या शाळेत शिक्षिका म्हणून तिची निवड झाली होती, फक्त पोलिसांचा चारित्र्याचा दाखला बाकी होता. तो जूनमध्ये शाळा उघडायच्या आत पोचला नाही तर जागा पुढच्या उमेदवाराला. आणि एफआयआरमध्ये आरोपी क्रमांक सात म्हणून नाव कोणाचं होतं? आईचं नाही, या मुलीचं.

मी बसतो न बसतो तोच बाईंनी सुरुवात केली.

“माझो हात मोडलो, तो बरो होतलो. पण माझ्या चेडवाचा नाव तुमच्या कागदार इला कसा, ता आधी सांगा. ता मोर्च्यात नव्हताच!”

मुलगी कोकम सरबताचा पेला ठेवत म्हणाली, “सर, मी त्या दिवशी इंटरव्ह्यूला होते. सकाळी दहापासून. तिथल्या कागदावर माझी सही आहे.”

“आणि तुमचो तो साहेब काय म्हणता, ठाव आसा?” बाई पुढे सरकल्या. “म्हणता, तक्रार मागे घे, मगे चेडवाचा नाव काढतंय.”

“कोण साहेब?”

“तोच. ज्याने मारल्यान.”

मी पेला खाली ठेवला. मित्राने हे मला फोनवर सांगितलं नव्हतं.

“तक्रार मागे घेतली तर चेडवाची नोकरी वाचतली,” बाई म्हणाल्या. “नाय घेतली तर जातली. आता तुमीच सांगा, आवशीन काय करूचा?”

मुलगी लगेच म्हणाली, “आई, मागे घ्यायची नाही. नोकरी दुसरी मिळेल.”

“गप गो! दुसरी खंयसून मिळतली?”

माय-लेकींचं हे भांडण महिनाभर चालू असावं, दोघींची वाक्यं पाठ झाल्यासारखी होती. मी एवढंच म्हटलं, “तीन आठवडे काहीही मागे घेऊ नका.” असा सल्ला द्यायचा मला अधिकार नव्हता. तरी दिला.

बाहेर आलो तर चाळीतल्या बायका दारातच उभ्या. मला वाटलं, लाठीमाराबद्दल सांगतील. त्यांनी एकच विचारलं, “आमचे हंडे कधी देताय?” पळापळीत टाकलेले हंडे पोलिसांनी उचलून नेले होते. प्रत्येकीने मला आपापल्या हंड्याचं वर्णन ऐकवलं. प्लॅस्टिकचे हंडे तेव्हा आले होते, पण मोर्च्याला कोण प्लॅस्टिक नेईल? त्याला आवाज कुठे असतो! चाळीतले चांगले पितळी हंडे सगळे ठाण्यात अडकले होते. शिवाय पोलिसांना नावं कोणी पुरवली यावरून चाळीत दोन तट पडले होते. टोकाच्या खोलीतल्या एका बाईवर संशय होता आणि महिनाभर तिच्याशी कोणी बोलत नव्हतं.

पहिल्यांदा मुलीचा इंटरव्ह्यू तपासला. हजेरीच्या कागदावर तिची सही होती, वेळेसकट. मोर्चा आणि इंटरव्ह्यू एकाच वेळी. म्हणजे सात नंबरचा आरोपी घटनास्थळी नव्हता. मग नाव आलं कुठून?

खबर मिळाली ती घाटकोपरच्या त्या ठाण्यासमोरच्या चहाच्या टपरीवर. आरोपींना नोटिसा बजावायला फिरलेला एक म्हातारा शिपाई माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. साताऱ्याकडचा, निवृत्तीला आलेला. बशीत चहा ओतत, माझ्याकडे न बघता म्हणाला, “साहेब, चार नंबरच्या आरोपीला भेटून या.”

“का? काय करतो तो?”

“काय बी करत न्हाई, साहेब. लई शांत मानूस हाय.”

चार नंबरबद्दल एफआयआरमध्ये लिहिलं होतं की ‘सदर इसम हातात दगड घेऊन जमावास चिथावणी देत होता’. मी पुन्हा डोंगर चढलो. दार सुनेने उघडलं. सासऱ्यांचं नाव घेतल्यावर तिने डोक्यावर पदर घेतला आणि भिंतीकडे बोट केलं. फोटोला चंदनाचा हार होता. सासरे जाऊन सहा वर्षं झाली होती. मी चपला काढून नमस्कार केला आणि खाली उतरलो. उतरताना हसू आवरेना. दोन नंबरची चौकशी केली तर ते गृहस्थ कणकवलीजवळच्या गावात, गेल्या पाच वर्षांत त्यांनी मुंबई पाहिली नव्हती.

घरी येऊन सगळे कागद पसरून डोकं धरून बसलो. बायको चिंच लावून पितळेची भांडी घासत होती. माझा नियम होता की केसचं घरी बोलायचं नाही. तो मी त्या दिवशी मोडला, आणि खात्याने मला कधी विचारलं तर सांगायची तयारी आहे की त्यात खात्याचाच फायदा झाला.

यादी ऐकून ती म्हणाली, “हंडा मोर्चा बायकांचा ना? मग यात पाच पुरुष कुठून आले?”

“चाळीतले असतील.”

“चाळीतले असते तर तुम्ही असे बसला असतात का?”

तिने हात पुसले, आमचा पाण्याचा हंडा रिकामा केला आणि माझ्यासमोर कागदांवरच आणून ठेवला. मग तो फिरवून काठाखाली एका जागी बोट ठेवलं. ठिपक्याठिपक्यांनी कोरलेली अक्षरं. तिच्या लग्नात तिच्या मामांनी दिलेला हंडा तो, आणि त्यावर मामांचं पूर्ण नाव.

“हा घेऊन मी उद्या मोर्च्यात गेले,” ती म्हणाली, “आणि लाठी पडल्यावर टाकून पळाले. तुमचे हवालदार कोणाला धरतील?”

मी वाकून ते नाव पुन्हा वाचलं.

“माझ्या मामाला! कुडाळहून बेड्या घालून आणतील बिचाऱ्याला.”

आपल्याकडे कोणतं भांडं नावाशिवाय घरात येतं? लग्नात मिळालं की देणाऱ्याचं नाव, मुलीसाठी आधीच घेऊन ठेवलं की मुलीचं, वाडवडिलांच्या नावाने दिलं की त्यांचं. ज्याच्या हातात भांडं असतं त्याचं नाव त्यावर क्वचितच असतं. हे माझ्या घरातल्या फडताळात लिहिलेलं होतं आणि मी, हेडमास्तर, ते आठ वर्षं वाचत नव्हतो.

सकाळी मी त्या ठाण्याची मुद्देमालाची खोली उघडायला लावली. चौदा हंडे जप्त असल्याचा पंचनामा होता. ते पंचनाम्यातल्या क्रमाने अंगणात ओळीने मांडले. एका हातात एफआयआर घेऊन मी ओळीने वाचत गेलो. पहिला हंडा, पहिला आरोपी. दुसरा हंडा, कणकवलीचे गृहस्थ. चौथ्यावर त्या फोटोतल्या सासऱ्यांचं नाव आणि पुढे पुसट झालेलं ‘स्मरणार्थ’. अकरा नावांचे हंडे, अकरा आरोपी, त्याच क्रमाने. उरलेल्या तीन हंड्यांपैकी दोन बिननावाचे, एक भजनी मंडळाचा. आणि एफआयआरमध्ये अनोळखीही नेमके तीनच!

सातवा हंडा नवा कोरा होता. त्यावर ‘चि. सौ. कां.’ आणि मुलीचं नाव. काठाशी, जिथे डोक्यावरचा हंडा हाताने धरतात तिथे, लाठीच्या रुंदीचा खोल पोचा. त्या पोच्यावर मी माझं मनगट ठेवून पाहिलं. बाईंच्या फ्रॅक्चरची जागा आणि पोच्याची जागा एकच होती. तोवर मला हसू येत होतं, तिथे ते थांबलं.

एफआयआर लिहिली होती ठाण्याच्या रायटर हवालदाराने. अक्षर मोत्यासारखं. मी चौकशीत कधी आवाज चढवत नाही. चढवलेल्या आवाजाला माणूस चढवूनच उत्तर देतो आणि मग खरं-खोटं दोन्ही त्या गोंगाटात जातं. मी दोन चहा मागवले, त्यांच्यापुढे कोरा कागद ठेवला.

“हवालदार, आठ नंबरच्या आरोपीचं वर्णन लिहून द्या. तुम्ही ओळखलंत ना घटनास्थळी? उंची, बांधा, रंग.”

त्यांनी पेन उचललं. कागदाकडे पाहिलं, चहाकडे पाहिलं, खिडकीतून अंगणातल्या हंड्यांकडे पाहिलं.

“रंग लिहा आधी,” मी म्हटलं.

“पितळी, साहेब,” ते म्हणाले आणि पेन खाली ठेवलं.

मग सगळं सांगितलं. जमाव पळाला, एकही बाई हाती लागली नाही, आणि साहेबांना संध्याकाळच्या आत नावं हवी होती. “नावं काय आकाशातून आणू, साहेब? समोर हंडे पडलेले, प्रत्येकावर नाव. म्हटलं, ज्याचा हंडा तो आरोपी.”

“आणि चार नंबर? ते स्मरणार्थ होते.”

“चष्मा घरी राहिला होता, साहेब.”

“भजनी मंडळाचा हंडा अनोळखीत का घातला?”

“मंडळाला अटक कशी करणार?”

या उत्तरावर माझ्याकडे प्रश्न नव्हता. मी पुढचं विचारलं, “आणि इशारा?”

हवालदारांनी दाराकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, “भोंगा गाडीतच होता. गाडीत मी बसलो होतो. माझ्या मांडीवर होता, साहेब.”

मित्राला मी मुलुंड स्टेशनजवळच्या एका हॉटेलात बोलावलं. हवालदारांचा जबाब वाचायला दिला. वाचून झाल्यावर त्याने टोपी टेबलावर ठेवली.

“वाट लागली माझी.”

“काय झालं होतं ते तरी सांग.”

“अरे, दोनशे बायका हंडे बडवत होत्या. रस्ता तुंबलेला, बसवाले हॉर्न मारत होते. कोणाचा तरी हंडा सुटला आणि खणकन माझ्या पायाशी पडला. मला वाटलं, दगड आला. लाठीचा हुकूम तोंडातून गेलाच. पाच मिनिटांत सगळं संपलं, आणि मग आठवलं की इशारा राहिला.”

“राहिला, तर तसं लिहायचं. भोंगा, तीन वेळा, हे कशाला? आणि त्या मुलीच्या नावाचा सौदा कशाला?”

“प्रमोशनची यादी जुलैत निघतेय रे.”

“त्या मुलीची शाळा जूनमध्ये उघडतेय.”

तो उठला. चहा तसाच टाकून गेला. नाशिकची ओळख इथेच संपली असं मला वाटलं आणि फार वाईट वाटलं. कबूल करायला हवं की मी काही त्याच्याहून धुतला तांदूळ नव्हतो. सब-इन्स्पेक्टर असताना मीही दोनदा इशारा न देता लाठी उचलली होती. माझ्या वेळी कोणी कोर्टात गेलं नाही, एवढाच फरक. तरी अहवाल लिहिला तो जसं दिसलं तसाच. खाडाखोड एकही केली नाही.

अहवालावरून कोर्टाने मित्राला समन्स काढलं. तारीख मे अखेरची. कोर्टात चाळ लोटली होती, टोकाच्या खोलीतली बाईसुद्धा, एकटीच मागच्या बाकावर. हंडे टेबलाजवळ मांडले होते. दंडाधिकारी चष्म्यावरून अहवाल बघत म्हणाले, “आरोपी क्रमांक चार आज हजर आहेत का?”

मी उभा राहिलो. “हयात नाहीत, साहेब.”

“कधीपासून?”

“मोर्च्याच्या सहा वर्षं आधीपासून.”

कोर्टात हशा झाला. कारकुनाने हसू दाबायला फाइल तोंडासमोर धरली. सातवा हंडा उचलल्यावर मात्र दंडाधिकाऱ्यांनी पोच्यावरून बोट फिरवलं आणि बाईंना विचारलं, “हा तर मुलीच्या लग्नासाठी घेतलेला नवा हंडा. मोर्च्याला हा का नेलात?”

“माझो हंडो गळता,” बाई म्हणाल्या.

“पण मोर्च्याला हंडा रिकामाच न्यायचा होता ना?”

“रिकामो म्हणून काय झाला? गळको हंडो घेवन कोण मोर्च्यात जाता? लोक काय म्हणतले!”

सगळ्या बायकांनी एकसाथ माना डोलावल्या. टोकाच्या खोलीतल्या बाईनेही.

मग मित्राचे वकील उठले. सरकारच्या परवानगीशिवाय खटला चालू शकत नाही, हा मुद्दा ते मांडणार होते. पार्ल्याचे वकील छत्री बाजूला ठेवून उत्तराला तयारच होते. तेवढ्यात माझा मित्र उभा राहिला. त्याच्या वकिलांनी बाही ओढली, पण तो बसला नाही.

“साहेब, इशारा दिला नव्हता. भोंगा गाडीतच होता. दगडही कोणी मारला नाही. नावं हंड्यांवरून घेतली. चूक माझी आहे.”

त्याला मी दहा वर्षं ओळखत होतो. त्याचा आवाज इतका हळू कधी ऐकला नव्हता.

दंडाधिकाऱ्यांनी बाईंना विचारलं, पुढे काय करायचंय? बाई मित्राकडे वळल्या. “माका त्याका तुरुंगात घालूचो नाय. त्याच्याय घरात पोरा असतली. कागदार लिहा, इशारो दिलो नव्हतो. आणि माझ्या चेडवाचा नाव काढा. झाला.”

कोर्टाने तसं लिहिलं. इशारा दिला नाही, म्हणून संरक्षणही नाही, हे आधी नोंदवलं, आणि मगच बाईंना तडजोडीची परवानगी दिली. बायकांवरचा गुन्हा निकालात निघाला. मित्रावर खातेनिहाय कारवाई झाली, बढती दोन वर्षं लांबली. मुलीच्या दाखल्याचा कागद त्याच रायटर हवालदारांकडे आला. त्यांनी ‘कोणताही गुन्हा दाखल नाही’ हे शब्द आपल्या मोत्यासारख्या अक्षरात लिहिले, चष्मा लावून. शाळा उघडायला चार दिवस होते.

हंडे परत द्यायच्या दिवशी मी मुद्दाम त्या ठाण्यात गेलो. अंगणात बायकांनी आपापले हंडे उचलले, उलटसुलट करून पाहिले, पोच्यांवरून पोलिसांना दोन शब्द सुनावले. नावं कोणी फोडली हे आता सगळ्यांना कळलं होतं. टोकाच्या खोलीतल्या बाईचा हंडा शेजारणीनेच उचलून तिच्या कमरेवर ठेवला. दोघी बरोबर डोंगर चढल्या. दोन-अडीच महिन्यांचा अबोला, आणि कारण काय, तर आमच्या हवालदारांनी हंड्यांवरून उतरवलेली नावं.

या केसने मला काय शिकवलं, असं लोक विचारतात. एक सवय लागली. त्यानंतर कुठलाही बंदोबस्त असो, भोंगा मी स्वतःच्या हातात घेतला. तीन वेळा, सावकाश बोलायचो, आणि मध्ये ऐकायला थांबायचो. बहुतेक वेळा दुसऱ्या इशाऱ्यानंतर गर्दीतून कोणीतरी उत्तर द्यायचं, ‘साहेब, पाच मिनिटं द्या,’ नाहीतर ‘आधी वरच्या साहेबाला खाली बोलवा.’ गर्दी घासाघीस करायला लागली की समजावं, दगड येणार नाही. माझ्या राहिलेल्या नोकरीत मला लाठीचा हुकूम एकदाच द्यावा लागला. तो दिल्याचं मला आजही वाईट वाटतं, पण त्या दिवशी भोंगा माझ्या हातात होता.

दोन वर्षांनी त्या मुलीच्या लग्नाची पत्रिका आली. पत्रिकेपाठोपाठ मित्राचा फोन. चहा टाकून गेल्यापासून तो माझ्याशी कामापुरतंच बोलत होता.

“हेडमास्तर, मलाही बोलावलंय. हंडा घेतोय भेट द्यायला. दुकानदार विचारतोय, नाव घालू का?”

“तुझं काय म्हणणं?”

“तूच सांग ना यार.”

“घाल. पूर्ण नाव. हुद्द्यासकट.”

रुखवतात तो सातवा हंडा मांडला होता. पोचा तसाच होता, बाईंनी ठोकून घ्यायला दिला नव्हता. मित्राने आपला हंडा पुढे केला. बाईंनी तो हातात घेतला, त्याच उजव्या हातात, आणि काठाखालचं नाव अक्षरं जुळवत वाचलं. मग मागे वळून बादलीतलं थोडं पाणी त्यात ओतलं आणि हंडा उंच धरून खालून पाहिलं. थेंबही गळला नाही.

“बरो आसा,” त्या म्हणाल्या. “फुडल्या मोर्च्याक ह्योच नेतलंय.”

“न्या, मावशी,” मित्र म्हणाला. “सापडला तर पहिला आरोपी मीच.”

बाई खळखळून हसल्या, आणि तो हंडा त्यांनी पोच्याच्या हंड्याला लागून ठेवला, नाव समोर येईल असा.